आपल्यात कसली पावती?

घरमालकांना मी पहिल्याच दिवशी 'काका' म्हणालो, तिथंच चुकलं. मालकाकडे पावती मागता येते, काकांकडे नाही.

कोथरूडमधल्या या वन बीएचकेचं भाडं महिना १८,०००. दर पाच तारखेला मी ते फोनवरून पाठवतो आणि काका उलट टपाली अंगठा पाठवतात. शाईचा नव्हे, पिवळा. एप्रिल ते जानेवारी या काळाचा माझ्याकडचा पुरावा म्हणजे नऊ पिवळे अंगठे आणि दिवाळीच्या महिन्यात एक पणती.

जानेवारीत ऑफिसातून मेल आला : घरभाड्यावरची सूट हवी असेल तर पावत्या जमा करा, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन नंबरही द्या. मी वर गेलो. काकूंनी पोहे दिले. वर लिंबाची फोड, ओला नारळ. खोबरं भुरभुरवलेल्या पोह्यांसमोर बसून पावतीचा विषय काढायला वेगळं काळीज लागतं.

"पावती?" काकांनी चष्मा काढला. "अरे, आपल्यात कसली पावती? मी कधी म्हटलंय का, तू भाडं दिलं नाहीस म्हणून?"

पॅन नंबर म्हटल्यावर ते काहीच बोलले नाहीत. उठून पंखा वाढवला.

माझं पावतीवेड मूळचं वडिलांचं. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या, भाडं बावीस रुपये. दाराआड खिळ्याला एक वाकवलेली तार लटकायची आणि तिच्यात पावत्या टोचलेल्या. वर ताज्या पांढऱ्या, खाली खाली पिवळ्या, अगदी तळाशी झुरळांनी कडा कुरतडलेल्या. पुढं मालकांना वाडा पाडायचा होता, म्हणून त्यांनी भाडं घेणंच बंद केलं. भाडं थकलं की खोल्या खाली करून घेता येतात, असा साधा हिशेब. पण भाडेकरू भाडं द्यायला तयार आणि राजी असेल तोवर त्याला काढता येत नाही, हे १९४७च्या भाडे कायद्यात होतं आणि कायदा वडिलांना पाठ होता. मग दर महिन्याला मनीऑर्डर. पोस्टमन ती वाड्याच्या पुढच्या भागात घेऊन जायचा आणि 'घेण्यास नकार' असा शेरा मारून मागच्या भागात आणून द्यायचा. पंधरा पावलांचा प्रवास, कमिशन पोस्टाला. वडील बावीस रुपये खिशात घालायचे आणि तो शेरा तारेला टोचायचे. न घेतलेल्या पैशांचा पुरावा जपणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

त्या रक्ताला जागून मी पुन्हा वर गेलो, या वेळी पोहे यायच्या आत. म्हटलं, "काका, १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ३१ आहे. भाडेकरूला पावती द्यावीच लागते. नाही दिली तर दंड आहे."

काका कोर्टात शिरस्तेदार होते, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

"भाडेकरूला," ते प्रेमानं म्हणाले. "तू भाडेकरू कुठं आहेस? आपला करार लीव्ह अँड लायसन्सचा. तू लायसेन्सी, नुसता परवानगीनं राहणारा. पोहे घे."

शेवटी काकूंनीच मिटवलं. ("पोराचा टॅक्स कापला जातोय आणि तुम्ही कलमं काय काढताय!") रेव्हेन्यू स्टॅम्प मी आणायचे, मजकूर मी लिहायचा, काका फक्त सही करणार, असं ठरलं. काकांनी एका बैठकीत, एकाच पेननं, दहा महिन्यांच्या दहा सह्या केल्या. पॅन नंबर देताना मात्र आवाज असा खाली आणला, जणू मुलीची पत्रिका सांगतायत.

याउलट आमचे दूधवाले काका. दाराला त्यांचं कार्ड अडकवलेलं असतं. अर्ध्या लिटरचे ३५ रुपये, रोजची फुली, खाडा असेल तर गोल. पैसे मिळाले की त्याच कार्डावर 'जमा' लिहून सही. गेल्या वर्षभरात आमचं बोलणं झालं असेल चार वाक्यांचं.

परवा सहा एप्रिलला घरमालक काकांचा फोन आला. "अरे, अंगठा पाठवायचा होता, पण भाडंच दिसत नाही."

या क्षणाची मी किती वर्षं वाट पाहत होतो! काही न बोलता व्यवहाराचा स्क्रीनशॉट पाठवला. रक्कम, तारीख, वेळ, नंबर, हिरवी टिकली, सगळं. दोन मिनिटांनी त्यांचा निरोप आला : "उत्तम. आता नाव वाच."

फोनमध्ये माझे काका दोन आहेत, एकाखाली एक.

दार उघडलं. कार्डावर बॉलपेननं लिहिलं होतं : '१८,००० जमा. पुढचे १७ महिने पैसे देऊ नये.' खाली तारीख आणि सही.

माझा करार ११ महिन्यांचा आहे.