चेनचा ताण अंदाजाने ठरवू नका

तळेगाव दाभाडे ते चाकण हा रस्ता ज्यांना रोज कापावा लागतो, त्यांना त्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. इंदुरीचा इंद्रायणीवरचा पूल ओलांडला की सुदुंबरे, खालुंब्रे, महाळुंगे असे करत चाकणपर्यंत कंटेनरांच्या रांगा, त्यांच्या चाकांखालून उडणारी खडी, पावसाळ्यात चिखल आणि उरलेले आठ महिने धूळ. या रस्त्याने मी २०२० च्या दिवाळीत घेतलेली १५० सीसीची मोटरसायकल चालवतो. वर्षाला बारा हजार किलोमीटर होतात आणि मीटरवर आता ६१ हजारांचा आकडा आहे. कारखान्यात माझे काम गुणवत्ता विभागात आहे. दिवसभर सुटे भाग मोजायचे आणि शतांश मिलिमीटरने चुकलेला भाग बाजूला काढायचा, हा माझा व्यवसाय. आणि तरीही स्वतःच्या गाडीची चेन मी पहिली तीन वर्षे एकदाही मोजली नव्हती, याचे मला आज मनापासून वाईट वाटते.

३६ हजार किलोमीटरच्या सुमारास सर्व्हिसिंगला दिलेली गाडी परत आली तेव्हा चेन अगदी ताठ केलेली होती. तक्रार माझीच होती, की खड्ड्यातून जाताना चेन कव्हरला आपटते. मेकॅनिकने ती तक्रार मिटवली आणि मी समाधानाने घरी आलो. पुढच्याच आठवड्यात पत्नीसह भोरला गेलो आणि येताना मागे तांदळाची गोणी बांधली. परतल्यावर पन्नासच्या वेगाला इंजिनाच्या डाव्या बाजूने घूं असा आवाज येऊ लागला, मग पुढच्या सॉकेटच्या, म्हणजे चेन ज्या दातेरी चाकावर फिरते त्याच्या, मागून ऑइल झिरपू लागले. गिअरबॉक्सच्या ज्या शाफ्टवर ते सॉकेट बसते, त्याचे बेअरिंग गेले होते. ते बदलण्यासाठी इंजिन पूर्ण उघडावे लागले आणि साडेसात हजार रुपये खर्च झाला.

असे का होते, हे समजून घेतल्यावर मला त्या मेकॅनिकपेक्षा स्वतःचा अधिक राग आला, कारण ही साधी भूमिती आहे. मागचे चाक ज्या आडव्या दांडीवर, म्हणजे स्विंगआर्मवर, वरखाली होते, त्या दांडीची खीळ पुढच्या सॉकेटच्या मागे काही अंतरावर असते. त्यामुळे चाक वरखाली होताना पुढचे सॉकेट आणि मागचा अ‍ॅक्सल यांतील अंतर बदलत राहते. सॉकेट, खीळ आणि अ‍ॅक्सल एका रेषेत आले की ते अंतर सर्वांत जास्त होते. गाडी स्टँडवर रिकामी उभी असताना जी चेन नीटनेटकी ताठ दिसते, ती दोन माणसे आणि ओझे घेऊन खड्ड्यात उतरताना तारेसारखी ताणली जाते, आणि तो सगळा ओढा बेअरिंगवर पडतो. चेन थोडी सैल राहिली तर आवाज करते, जास्त सैल राहिली तर उतरू शकते आणि तेही धोक्याचेच आहे. पण जास्त ताठ केलेली चेन गप्प राहून आतले भाग खाते, म्हणून मी तिला अधिक घाबरतो.

माझ्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत चेनची ढील २० ते ३० मिलिमीटर असावी असे छापलेले आहे. खालच्या बाजूला मधोमध चेन बोटाने वर-खाली करून स्टीलच्या पट्टीने ती मोजता येते. एकाच जागी मोजून भागत नाही. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक हाताने फिरवत जिथे ती सर्वांत ताठ लागते तिथले माप धरावे लागते. ताण बदलताना स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, हे पाहावे लागते, नाहीतर चाक तिरके बसते. चेनला लॉक, म्हणजे तिची दोन टोके जोडणारी सुटी कडी, असेल, तर त्याच्या क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे. एवढ्या कामाला मला वीस मिनिटे लागतात.

चेन बदलायची वेळही मोजूनच कळते. आमच्या गाडीला असते ती ४२८ क्रमांकाची चेन, जिच्या दोन पिनांमधले अंतर १२.७ मिलिमीटर असते. म्हणजे पहिल्या पिनेपासून एकविसाव्या पिनेपर्यंत नवी चेन २५४ मिलिमीटर भरते. झिजून ती २५९ च्या पुढे गेली की पुढचे-मागचे सॉकेट आणि चेन एकत्रच बदलावे, कारण जुन्या दातांवर घातलेली नवी चेन लवकरच जुन्यासारखी होते.

स्वच्छतेविषयी एक गोष्ट कळकळीने सांगतो. इंजिन सुरू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावू नका. फडके सॉकेटमध्ये ओढले जाते आणि त्याच्या मागोमाग बोटे जातात. आमच्या कारखान्यातील एका सहकाऱ्याने उजव्या हाताची दोन पेरे अशीच गमावली आहेत. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि चाक हाताने फिरवायचे. जुन्या टूथब्रशने आणि चेन क्लीनरने मळ काढायचा. पेट्रोल वापरायचे नाही, कारण ओ-रिंगच्या चेनमधील रबर त्याने खराब होते. चेन कोरडी झाली की ९० नंबरचे गिअर ऑइल तिच्या आतल्या बाजूने थोडे थोडे सोडायचे आणि जास्तीचे पुसून टाकायचे. चेनवर ऑइल थबथबलेले राहिले, तर आमच्या रस्त्याची धूळ त्यात मिसळून तिचा लेप होतो आणि तो कानशीसारखा घासतो. पावसाळ्यात हे काम मी दर आठवड्याला करतो, एरवी पंधरा दिवसांनी.

टॅपेटच्या, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांच्या, बाबतीतही हीच गोष्ट घडते. टिकटिक आवाज येतो म्हणून आपण तक्रार करतो, आणि गरम इंजिनावर कानाने अंदाज घेत टॅपेट कसले जाते. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीने, मोजून ठेवायची असते. माझ्या गाडीला इनटेकसाठी ०.०८ आणि एक्झॉस्टसाठी ०.१२ मिलिमीटर. ती फट राहिली नाही, तर गरम होऊन लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन जाते आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. हे काम मी स्वतः करत नाही. महाळुंग्याजवळ ज्यांचे छोटे गॅरेज आहे ते काका सकाळी गाडी ठेवून घेतात, दुपारी इंजिन थंड झाल्यावरच गेज घालतात, आणि मी त्यांना त्या वेळेचे पैसे आनंदाने देतो. आपण मेकॅनिककडून अर्ध्या तासात गाडी मागतो आणि मग त्याने अंदाजाने काम केले म्हणून बोल लावतो, हे मला न्याय्य वाटत नाही.

इंजिन ऑइलचा डबा मात्र स्वतः वाचून घ्या. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचे जपानी मानक) असे लिहिलेले हवे; कारसाठीचे ऑइल घातले तर क्लच घसरू शकतो. टायरची हवा थंड टायरमध्येच पाहा. माझ्या गाडीला पुढे २५ आणि मागे २९ पीएसआय, दोघे असलो तर मागे ३३.

ढील आणि चेनची लांबी मी गेली दोन-अडीच वर्षे एका वहीत लिहून ठेवतो. आधीचे दोन्ही संच जेमतेम अठरा-अठरा हजार किलोमीटर टिकले होते. आताच्या संचावर पंचवीस हजार झाले आहेत. परवाच्या रविवारी एकवीस पिनांमधले अंतर २५७ मिलिमीटर भरले आणि सर्वांत ताठ जागी ढील २४ होती, म्हणून पाना न लावता फक्त ऑइल दिले.