कोडिंगचा क्लास लावू का, असं वहिनी विचारते तेव्हा

जानेवारीत एका रविवारी वहिनीचा फोन आला. इथे इंग्लंडमध्ये रेडिंगला दुपारचे तीन वाजलेले, तिकडे निफाडला रात्रीचे साडेआठ, म्हणजे तिचं सगळं आवरून झालेलं. धाकटी तिसरीत आहे, तिच्यासाठी नाशिकचा एक कोडिंग क्लास बघितलाय, फी साठ हजार, वर्षभरात मुलगी स्वतःचं ॲप बनवेल असं ते लोक सांगतायत. "ताई, तुमच्याकडे काय करतात हो? आत्ताच नाही घातलं तर मागे पडेल का ती?"

आणि त्याच आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर हिंजवडीतल्या मावसभावाने लिहिलं की एआय आता सगळा कोड लिहून देतंय, पोरांना कोडिंग शिकवणं म्हणजे आता टायपिंगच्या परीक्षेला बसवण्यासारखं आहे, तेच पैसे एफडीत टाका. तो स्वतः पंधरा वर्षं आयटीत आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं ऐकून वहिनी अजूनच गोंधळली.

मला वाटतं क्लासवाले आणि मावसभाऊ, दोघांच्याही म्हणण्याचा पाया एकच आहे, कोडिंग म्हणजे नोकरी. एकाला ती मिळेल वाटतं, दुसऱ्याला ती जाईल वाटतं. आपल्याकडे कॉम्प्युटर आलाच तसा. मी २००४ ला एमएस-सीआयटी केलं, माउस पहिल्यांदा हातात धरला तो तिथेच, आणि त्याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते, पण शिकण्यामागे मनात एकच होतं की सर्टिफिकेट फाइलला लागलं पाहिजे. शिकलेलं घरच्या कामाला वापरता येतं हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून कम्प्युटिंग हा विषय पाचव्या वर्षापासून शाळेत आहे. अल्गोरिदम (म्हणजे कामाच्या ओळीने लावलेल्या पायऱ्या) म्हणजे काय आणि छोटा प्रोग्राम लिहून त्यातली चूक कशी शोधायची हे पहिली-दुसरीच्या वयाच्या मुलांच्या अभ्यासक्रमातच लिहिलेलं आहे. २०१६ मध्ये बीबीसीने अकरा-बारा वर्षांच्या मुलांना मायक्रोबिट नावाचा छोटा कॉम्प्युटर फुकट वाटला, जवळपास दहा लाख. हाताच्या तळव्यापेक्षाही लहान पट्टी, तिच्यावर पंचवीस लाल दिवे आणि दोन बटणं. माझ्या मुलीने शाळेतून तो घरी आणला आणि आमच्या खिडकीतल्या तुळशीत दोन खिळे खोचले, वायरी जोडल्या, ओल्या मातीतून वीज जास्त जाते म्हणून मायक्रोबिटवरचा आकडा साडेनऊशेच्या वर जायचा आणि माती सुकली की तीनशेच्या खाली. तीनशेच्या खाली गेला की दिव्यांचा रडका चेहरा. इथल्या हिवाळ्यात आमच्या दोन तुळशी गेल्या होत्या, तिसरी जगली, कारण मी रोज पाणी घालून मुळं कुजवत होते हे त्या आकड्यामुळे कळलं. मुलीला कोणी ॲप बनव म्हणून सांगितलं नव्हतं, घरात एक अडचण होती आणि हाताशी साधन होतं एवढंच.

पण म्हणून इथलं सगळं भारी आणि आपलं सगळं वाईट असं मी वहिनीला सांगितलं नाही, कारण ते खरं नाही. प्राथमिक शाळेत तोच एक शिक्षक गणितही शिकवतो आणि कम्प्युटिंगही, कुठे उत्साहाने होतं, कुठे उरकलं जातं. चौदाव्या वर्षी विषय निवडायचे असतात तेव्हा बरीच मुलं हा विषय सोडून देतात, आणि जी पुढे परीक्षेला बसतात त्यांच्यात पाचात साधारण एक मुलगी असते. मला दोन मुली आहेत, त्यामुळे हा आकडा मला फार लागतो. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आहे, पण दादाच्या गावातल्या शाळेत ते नीट पोहोचेपर्यंत वहिनीसारख्या आया भीतीपोटी साठ हजार भरायला तयार होतात, आणि त्या भीतीचाच मला राग येतो. आठ वर्षांच्या मुलीला मागे पडशील असं सांगून फी घेणं मला चुकीचंच वाटतं.

तर मी वहिनीला म्हटलं, धाकटीचं नंतर बघू, आधी दादाची फवारणीची वही काढ.

दादाची पाच एकर द्राक्षं आहेत, माल युरोपला जातो. प्रत्येक औषधाला पीएचआय असतो, म्हणजे फवारल्यानंतर किती दिवस काढणी करायची नाही ते दिवस. औषधाचा अंश जास्त सापडला तर माल निर्यातीला जात नाही. हे सगळं दादा वहीत लिहितो आणि दिवस बोटांवर मोजतो. दहावीतल्या भाच्याला मी फोनवरच सांगितलं, स्प्रेडशीट, म्हणजे कॉम्प्युटरवरची हिशेबाची आखलेली वही, उघड, पहिल्या कॉलममध्ये फवारणीची तारीख, दुसऱ्यात औषध, तिसऱ्यात दिवस, चौथ्यात तारीख अधिक दिवस. चालेचना. अर्धा तास गेला. शेवटी कळलं की त्याने तारखा वहीसारख्याच टिंब देऊन टाइप केल्या होत्या, आपल्याला तारीख दिसते पण कॉम्प्युटरला ती नुसती अक्षरं वाटतात. तो म्हणाला, "आत्या, याला सगळंच नीट सांगावं लागतं गं." मला तर वाटतं कोडिंगमधली निम्मी गोष्ट तो त्या अर्ध्या तासात शिकला.

मग त्याने एआयला विचारलं की काढणी कधीपासून करता येईल याचा फॉर्म्युला दे. एआयने दिला, चाललाही, उत्तर आलं ३० जानेवारी. शेवटची फवारणी २० जानेवारीची, तिचे दिवस दहा, म्हणून ३०. पण १ जानेवारीला मारलेल्या औषधाचे दिवस चाळीस होते, ते १० फेब्रुवारीपर्यंत जातात! हे भाच्याच्या लक्षात आलं कारण तारखांचा कॉलम त्याने स्वतःच्या हाताने केला होता. शेवटची फवारणी नाही, सगळ्यांत उशिराची तारीख घ्यायची, म्हणजे स्प्रेडशीटमधला सगळ्यांत मोठी किंमत काढणारा मॅक्स. मावसभावाला मी हेच लिहिलं, की कोड लिहायला एआय आहे हे बरोबर, पण दिलेला कोड दादाच्या बागेला लागू आहे की नाही हे ओळखणारा माणूस घरात हवा ना. अकरा दिवस आधी घड उतरवले असते तर नुकसान दादाचंच झालं असतं.

मी स्वतः आयटीतली नाही, एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये हिशेबाचं काम करते. पायथन ही कोडिंगची भाषा शिकले ते एक्केचाळिसाव्या वर्षी, दर महिन्याला चौदा वॉर्डांच्या फाइली एकत्र करण्यात दोन दिवस जायचे म्हणून. चाळीस ओळींचा प्रोग्राम, लिहायला तीन महिने लागले, रोज रात्री अर्धा तास, आता ते काम चहा होईपर्यंत होतं. त्यामुळे कोणी विचारलं सुरुवात कुठून करू तर मी आधी भाषेचं नाव सांगतच नाही, मी विचारते की असं कुठलं काम आहे जे तुला परत परत तेच करावं लागतं. बहुतेकांना स्प्रेडशीटच पुरते. इंग्रजीची भीती असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिबरऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटचे धडे मराठीत आहेत, फुकट, साधारण दहा-दहा मिनिटांचे, बघत बघत शेजारी करून बघायचे. लहान मुलांसाठी स्क्रॅच, तेही फुकट, स्क्रीनवरचे सूचनांचे ठोकळे जोडून मांजर चालवायचं. पायथन त्यानंतर, स्प्रेडशीट अपुरी पडायला लागली की.

क्लास लावायचा की नाही हे वहिनीने अजून ठरवलेलं नाही. पण परवा तिचा परत फोन आला, या वेळी स्वतःसाठी. ती बचत गटाची सचिव आहे, बारा बायका, महिन्याला दोनशे रुपये, कर्जावर शेकडा दोन टक्के व्याज, आणि कोणी मधेच थोडी रक्कम फेडली की व्याजाचा हिशेब दरवेळी चुकतो आणि मीटिंगमध्ये वाद होतात. "ताई, हे बसेल का हो त्यात?" बसेल. भाचा फोन धरणार आहे आणि टाइप तीच करणार आहे, तारखा कशा लिहायच्या ते त्याने तिला आधीच बजावून ठेवलंय.