कल्याणहून जुन्नरला, नाणेघाटाच्या वाटेने

गेल्या वर्षी नोव्हेंबरात आईला अष्टविनायक घडवले. एका यात्रा कंपनीची बस, दोन रात्री, आठ गणपती. लेण्याद्रीला दुपारी पोचलो आणि फर्मान निघालं, "पन्नास मिनिटांत सगळे खाली या." आई एकाहत्तर वर्षांची. पायऱ्या तीनशेच्या आसपास. दर वीस पायऱ्यांवर थांबत, माझा खांदा धरत ती चढली. गिरिजात्मजाचं दर्शन झालं आणि रांगेतून बाहेर पडल्यावर ती शेजारच्या लेण्यात जाऊन टेकली. "इथे किती गार आहे गं," म्हणाली. मी घड्याळ बघत होते. खालून फोन आला, तिला उठवलं, उतरलो. पुढचा गणपती ओझरचा होता.

महिन्याभराने लेण्याद्रीबद्दल वाचत बसले होते. आई बसली होती ते सहा क्रमांकाचं लेणं म्हणजे बौद्ध चैत्यगृह, स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन. ते कोणी कोरून घेतलं हे तिथल्याच ब्राह्मी लेखात लिहिलेलं आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा. आम्ही कल्याणचे. माझ्या पणजोबांपासून कल्याणचे. आमच्या गावच्या एका माणसाने दोन हजार वर्षांच्या मागेपुढे तिकडे जाऊन डोंगरात एवढं दालन कोरवून घेतलं, माझी आई त्याच दालनात घाम पुसत बसली आणि मी तिला घाईने उठवून आणलं. हे मला फार लागलं. अजून लागतं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय आणि जुन्नरला निघालेल्या प्रत्येकाला मी ते सांगते. जुन्नर सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री, संध्याकाळी ओझर असं उरकू नका. निदान दोन रात्री राहा. आणि अंगात जोर असेल तर जुन्नरमध्ये शिरा नाणेघाट चढून, कोकणातून, पायी.

कारण त्या खोऱ्यात जे काही आहे ते या घाटासाठी आहे. पश्चिमेला सह्याद्रीची भिंत, तिच्यातून उगवून पूर्वेला वाहणाऱ्या कुकडी आणि मीना, आणि कुकडीच्या खोऱ्यात शिवनेरीच्या पायथ्याशी जुन्नर. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल वर देशावर, पैठणपर्यंत जायचा तो या भिंतीतल्या एका खाचेतून. ती खाच म्हणजे नाणेघाट. घाट होता म्हणून व्यापारी आले, व्यापारी आले म्हणून लेण्यांना दानं मिळाली, जकात मिळत होती म्हणून राखणीला किल्ले उभे राहिले. बसमधून पूर्वेकडून शिरलं की ही उतरंडच उलटी दिसते. समोर नुसते सुटे सुटे डोंगर, प्रत्येकावर काहीतरी.

म्हणून या डिसेंबरात मी, माझी बहीण आणि तिची कॉलेजातली मुलगी अशा तिघी निघालो. कल्याणहून माळशेजकडे जाणारी पहाटेची एसटी, मुरबाड, टोकावडे, वैशाखरे, आणि त्यापुढे रस्त्याच्या कडेला नाणेघाटाची पाटी आहे तिथे उतरलो. आधी सपाटीवरचं रान, मग चढ. आम्हाला निवांत तीन तास लागले. वर जवळ येताना कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसू लागतात आणि पायाखाली बांधीव पायऱ्यांचे तुकडे येतात. ओझ्याचे बैल, गाढवं आणि माणसं इथूनच चढत असणार. नानाचा अंगठा म्हणतात तो कडा डोक्यावर उभा असतो. भाची म्हणाली, "मावशी, हा तर जुना एक्स्प्रेस वे आहे." बरोबर बोलली पोरगी.

घाटमाथा येण्याआधी ती गुहा लागते. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा भला मोठा लेख आहे. यज्ञ किती केले, दक्षिणा म्हणून किती गायी, किती घोडे, किती कार्षापणं (तेव्हाची नाणी) दिली, याची नोंद. त्यातले आकडे मुद्दाम बघा. भारतात आकडे कोरून ठेवल्याच्या सर्वांत जुन्या नोंदींत याची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. आता वरची नावं आणि खाली पायांच्या खुणा, एवढंच शिल्लक आहे. सिमुक सातवाहन, देवी नागनिका, राजा सातकर्णी, पुढे कुमार. चढून दमलेला व्यापारी सावलीला म्हणून आत यायचा आणि समोर राज्य कोणाचं ते त्याला दिसायचं. केवढा विचार करून जागा निवडली असेल!

आता त्या गुहेबद्दलची माझी तक्रार. आम्ही गेलो तेव्हा आत चूल पेटवल्याची काळी राख होती, वेफरची पाकिटं होती, आणि लेखाखाली पाठ टेकून काहीजण मोठ्याने गाणी लावून बसले होते. मी त्यांच्याशी बोलले. भांडले नाही, फक्त भिंतीवर काय लिहिलंय ते सांगितलं. दोघांनी लगेच गाणी बंद केली आणि मोबाइलच्या उजेडात अक्षरं शोधायला लागले. म्हणजे वाईट कोणी नव्हतं, त्यांना सांगितलंच नव्हतं कोणी. पावसाळ्यात तर वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा बघायला इतकी गर्दी होते की गाड्यांची रांग लागते. धबधबा सुंदरच आहे. खालून आलेला वारा कड्याला आपटून वर वळतो आणि पाण्याला घेऊन उडवतो. पण तिथवर आलेल्या माणसाला शंभर पावलांवरची गुहा दाखवायला एखादा गावातला जाणकार तरुण मानधन देऊन बसवायला काय हरकत आहे? धबधब्याइतकीच माणसं तिथेही रमतील अशी माझी खात्री आहे.

घाटाच्या अरुंद नळीतून वर आलं की दगडी रांजण. जकातीचा रांजण म्हणून तो ओळखला जातो. आणि तिथून उजवीकडे मान वळवली की जीवधन किल्ला, त्याला खेटून वानरलिंगीचा सुळका. मुक्काम घाटघरला केला, एका महादेव कोळी कुटुंबाकडे, आधी फोन करून. (भंडारदऱ्याजवळचं घाटघर वेगळं, गोंधळ करू नका.) रात्री नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि लसणाचा ठेचा. घरातल्या काकूंनी हिरड्याचं सांगितलं. बाळहिरडा गोळा करून वाळवणं हे या भागातल्या आदिवासी घरांचं हक्काचं उत्पन्न. तुमचे हॉटेलचे पैसे अशा घरांत गेले तर दोन दिवसांच्या सहलीचा अर्थच बदलतो, हेही मला या मुक्कामाने कळलं.

जीवधनला दोन दरवाजे. एक जुन्नर दरवाजा आणि दुसरा कल्याण दरवाजा. आमच्या गावाच्या नावाचा दरवाजा! कातळात खोदलेल्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये किल्ले घेतल्यावर सुरुंगांनी उडवल्या, त्यामुळे वाट काही ठिकाणी अवघड आहे. सवय नसेल तर गावातला माणूस बरोबर घ्याच, आम्ही घेतला. वर धान्याचं दगडी कोठार आहे. त्याच लढाईच्या वेळी ते पेटलं आणि आतली राख त्या धान्याची, असं सांगतात. कल्याण दरवाज्यात बसून खाली कोकणात बघत आम्ही तिघी बराच वेळ काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी कुकडीच्या उगमाजवळचा कुकडेश्वर, पूर गावातला. छोटं देऊळ, पण भिंतीवरचं कोरीवकाम सावकाश बघण्यासारखं. तिथून चावंड किल्ला. रेलिंग आहे, तरी उभा चढ आहे. वर एका ओळीत कातळात खोदलेली सात टाकी आहेत. मग माणिकडोहच्या पाण्याच्या काठाने जुन्नरकडे. घाटमाथ्यापासून गावापर्यंतचे हे तीसेक किलोमीटर डोळे उघडे ठेवून केले की मधले किल्ले एकमेकांना कसे दिसतात, राखण कशी केली असेल, ते आपोआप समजतं. कुठल्याही फलकाची गरज लागत नाही.

जुन्नरच्या जवळ तुळजा लेणी आहेत. तिथलं चैत्यगृह गोल आहे, मधोमध स्तूप आणि भोवती बारा खांब. आम्ही होतो तासभर आणि तेवढ्यात दुसरं कोणी आलं नाही. जुन्नरच्या आसपास लहानमोठी मिळून दोनशेच्या आसपास लेणी आहेत. त्यांतल्या लेखांत यवनांचीही नावं आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्याने भोजनशाळा. ग्रीक वंशाची ही माणसं समुद्र ओलांडून, आमच्याच बंदरातून, आम्ही चढलो तोच घाट चढून आली असतील का? भाचीने हा प्रश्न विचारला आणि संध्याकाळभर आम्ही त्यावरच बोलत होतो. समोर मासवडी आणि बाजरीची भाकरी होती. मासवडी जुन्नरकडचीच खावी.

शिवनेरी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. १९ फेब्रुवारी १६३० ला महाराजांचा जन्म तिथे झाला हे शाळेपासून पाठ असतं. जन्मस्थानापुढे डोळे भरून येतात, माझेही आले. पण तिथे का, हे मला या वेळी पहिल्यांदा उमगलं. एकामागे एक दरवाजे, चहूबाजूंनी तुटलेले कडे, पोटात भरपूर पाणी, आणि घाटावरून येणाऱ्या वाटेवर नजर. गरोदर जिजाऊंना ठेवायला यापेक्षा भरवशाची जागा शहाजीराजांना कुठे मिळाली असती? आधी घाट आणि जीवधन-चावंड बघून आलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात शिवनेरी आहे. आनंदच आहे. आता माणसं आणखी येतील. म्हणून तर हे लिहितेय. ही माणसं दोन तासांत शिवनेरी करून परत महामार्गाला लागली तर गडावर नुसती गर्दी वाढेल आणि घाटघरच्या काकूंना त्याचा काहीच उपयोग नाही. जुन्नर आगारातून घाटघरकडे एसटी आहे, फेऱ्या मोजक्या आहेत. त्या वाढवा. शनिवार-रविवारी तरी वाढवा. मुलं कंटाळतात म्हणणाऱ्यांसाठी: याच तालुक्यात खोडदला जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. त्यातल्या काही शेतांमधून लांबूनही दिसतात.

एक काळजीचं सांगते. हा बिबट्याचा मुलूख आहे, उसात तो राहतो, पिल्लंही घालतो. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने चालत जाऊ नका, मुलांना पुढे पळू देऊ नका. गावकरी सांगतील ते ऐका, ते रोज त्याच्याबरोबर जगतात.

फेब्रुवारीत आईला पुन्हा नेलं. या वेळी गाडी आमची होती आणि घाई कोणाची नव्हती. लेण्याद्रीला सकाळी सातला चढायला लागलो. सहा नंबरच्या लेण्यात तिला बसवलं आणि सुलसदताचं सांगितलं. तिने तीनदा नाव विचारून घेतलं, मग पर्समधून डायरी काढून लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी नाणेघाटात गेलो. जुन्नरकडून गाडीरस्ता थेट माथ्यापर्यंत येतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांनाही जमतं. आई रांजणाच्या काठावर हात ठेवून उभी राहिली, खाली कोकणात बघत.

"कल्याण कुठल्या बाजूला गं?" तिने विचारलं. मी बोट दाखवलं. धुकं होतं, दिसत काहीच नव्हतं. ती तरी बघत राहिली.

हडसर किल्ला राहिलाय अजून. दिवाळीनंतर जाणार आहोत, कोणाला यायचं असेल तर सांगा.