मामा, ब्लेड चालेल की सुई?

मंगळवारी रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "मामा, पटकन सांग. आकड्यांवरचं जुनं रेडियम खरवडायला ब्लेड चालेल की सुई?"

हातातला घास तसाच राहिला. "कुठल्या घड्याळाचं?"

"आजोबांचं. ते फौजेतलं."

हे आजोबा म्हणजे ताईचे सासरे. त्यांचं चावीचं स्विस घड्याळ शोकेसच्या खणात वर्षानुवर्षं पडून आहे. काळी डायल, जाडजूड आकडे, आणि आकड्यांवर गुळासारखा तपकिरी लेप. ते भाच्याने जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवलं होतं. टेबलावर शेजारी काय होतं ते ताईने नंतर सांगितलं: दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी निवडून ठेवलेली मेथी.

ही कल्पना त्याला सुचली कुठून, तर आमच्याच घरच्या ग्रुपवरून. "घड्याळजी कधीच सांगणार नाहीत अशी ७ गुपितं! जुनं घड्याळ ५०० रुपयांत नवंकोरं!" तुमच्याकडेही आला असेलच. वर केशरी डायलच्या एचएमटी पायलटचा फोटो आहे, आणि तो पाहूनच मी ओळखलं की ती डायल कुणीतरी नव्याने रंगवलेली आहे. परदेशातले संग्राहक असल्या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. मेसेजच्या शेवटी "१० जणांना पाठवा" होतं. ताईने पाठवला. मीही पाहिला, हसलो आणि पुढे गेलो. ती चूक माझी, म्हणून हे लिहितोय.

मी घड्याळजी नाही. दिवसा नोकरी, आणि रात्री हौस म्हणून घड्याळं जुळवतो, बहुतेक वेळा जपानच्या सेइको कंपनीच्या एनएच३५ मशीनवर. या हातांनी पुष्कळ मोडलंय. त्यामुळे सातही मुद्द्यांवर बोलायचा थोडा हक्क आहे. पण क्रमाने जाणार नाही. चौथा आधी.

तो जसाच्या तसा असा: "आकड्यांवरचं रेडियम चमकेनासं झालं म्हणजे ते मेलं. ब्लेडने खरवडा, फुंकर मारा आणि खेळण्यांच्या दुकानातली ग्लो पावडर नेलपॉलिशमध्ये कालवून भरा. घाबरू नका, हे तेच रेडियम जे गाडीच्या नंबरप्लेटवर असतं."

नंबरप्लेटपासून सुरू करू, कारण इथे आपल्या भाषेनेच घोळ घातलाय. आपण चमकणाऱ्या कशालाही रेडियम म्हणतो. नाक्यानाक्यावर 'रेडियम कटिंग'ची दुकानं आहेत. त्या दुकानात रेडियमचा कणही नसतो. गाडीवरच्या त्या पट्टीत काचेचे अतिबारीक मणी किंवा लोलक असतात, ते हेडलाइटचा उजेड आल्या वाटेने परत फेकतात. अंधाऱ्या खोलीत ती पट्टी काळीच दिसते. मुलांच्या खोलीत छताला चिकटवतात ते तारे वेगळे, ते दिवसा उजेड पितात आणि रात्री सोडतात. त्यातही रेडियम नाही. जुन्या घड्याळांत मात्र खरंखुरं रेडियम असे, क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेलं, किरणोत्सारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून साठच्या दशकापर्यंत ते डायलवर आणि काट्यांवर सर्रास भरलं जात होतं.

आता "मेलं". त्या लेपात दोन गोष्टी असतात: रेडियम आणि झिंक सल्फाइड. रेडियममधून सतत कण सुटतात, ते झिंक सल्फाइडवर आदळतात आणि त्याचा उजेड होतो. वर्षानुवर्षं मार खाऊन झिंक सल्फाइड निकामी होतं आणि चमक जाते. रेडियमला काहीही झालेलं नसतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १६०० वर्षं आहे, त्यामुळे ८० वर्षांत ते जेमतेम साडेतीन टक्क्यांनी कमी होतं. बल्ब उडाला म्हणजे करंट गेला, असं समजून होल्डरमध्ये बोट घालणारा माणूस आणि हा मेसेज लिहिणारा, दोघांची अक्कल एकाच तागडीत तोलता येईल.

आणि "फुंकर मारा". हे वाचून मला खरंच घाम फुटला. बंद घड्याळात रेडियमचे अल्फा कण काचेपाशी आणि धातूपाशी अडतात, थोडे गॅमा किरण तेवढे बाहेर येतात. भीती आहे ती धुळीची. लेप जुना होऊन ठिसूळ झालेला असतो, ब्लेड लागलं की त्याचं पीठ होतं. ते श्वासातून किंवा हाताला लागून पोटात गेलं, की शरीराला रेडियम कॅल्शियमसारखं भासतं आणि ते हाडांत जाऊन बसतं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी डायल रंगवणाऱ्या मुलींना ब्रशाला टोक काढायला तो ओठांत धरायला शिकवलं होतं. दिवसभर तेच. त्यांचे जबडे सडले, हाडं ठिसूळ झाली, कितीतरी जणी तरुणपणी गेल्या. त्यांतल्या पाच जणींनी कंपनीला कोर्टात खेचलं आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. 'रेडियम गर्ल्स' म्हणून शोधा, फोटो सापडतील. रात्री जेवायच्या आधी पाहू नका.

ज्यांना माझ्यासारख्या हौशी माणसाचं ऐकायचं नाही त्यांनी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं, ईपीएचं, जुन्या वस्तूंतल्या किरणोत्साराबद्दलचं पान वाचावं. रेडियमची घड्याळं उघडू नका, सुटी करू नका, असं तिथे साध्या शब्दांत लिहिलंय. खरवडणं तर फार पुढची गोष्ट झाली.

एक मान्य करायला हवं. जुना लेप म्हणजे दर वेळी रेडियमच, असं नाही. नंतरच्या काळात ट्रिटियम हे दुसरं किरणोत्सारी द्रव्य आलं. सहाच्या आकड्याखाली बारीक 'टी' अक्षर असेल तर बहुधा तेच. त्याचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांच्या आसपास, म्हणजे ५० वर्षांनी सहा टक्केच उरतं. आणि १९९३ मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीने स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटची ल्युमिनोव्हा आणल्यानंतरच्या घड्याळांत बहुतेक त्याच जातीची, बिनकिरणोत्सारी पावडर असते. पण तपकिरी रंग ट्रिटियमलाही येतो, आणि ट्यूबलाइटखाली नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर हाताशी नसेल तर जुना लेप रेडियमच आहे असं धरायचं आणि झाकण बंद ठेवायचं.

फोनवर मी एवढं सगळं बोललो नाही. एवढंच विचारलं, "पंखा चालू आहे?"

"हो."

"आधी तो बंद कर. खरवडलंस किती?"

"नऊचा अर्धा."

मग सांगितलं: झाडू नको, फुंकर नको, कपड्याने झटकायचं नाही. टिश्यू ओला कर, टेबल आतल्या बाजूला टिपत ये, तो टिश्यू, ब्लेड आणि घड्याळ झिपच्या पिशवीत घाल, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. टीशर्ट बदल, हात साबणाने दोनदा. मेथी टाकून द्या. मेथीवरून ताई चिडली. चिडू दे.

आता बाकीचे.

दुसरं गुपित: "घड्याळ मागे पडतंय? जिथे जिथे हलतं तिथे तिथे खोबरेल तेलाचा थेंब सोडा." खोबरेल! डिसेंबरात बाटली उन्हात ठेवल्याशिवाय जे डोक्याला लावता येत नाही, ते तेल मनगटावर वितळलेलं राहील आणि रात्री टेबलावर ठेवलं की थिजेल. मधल्या काळात खवट होईल ते वेगळंच. शिलाई मशीनचं तेल चालतं असंही खाली लिहिलंय. ते थिजत नाही, पण पसरतं. जिथे ठेवलं तिथे ते राहतच नाही.

तेल लागतं, यात वाद नाही. कोरडं मशीन झिजतं आणि जुन्या घड्याळाला दर काही वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं, एवढं मेसेजवाल्याचं खरं. पण "जिथे हलतं तिथे" हेच चूक. चाकांच्या दातांना तेल लावत नाहीत, तिथे कचरा चिकटून लेप बसतो. पॅलेटच्या, म्हणजे चाकाला ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या तुकड्याच्या, दांडीच्या टोकांना बहुतेक घड्याळजी मुद्दाम कोरडं ठेवतात, कारण तेलाच्या ओढीनेच तो हलका तुकडा मंदावतो. जिथे लावायचं तिथेही प्रत्येक जागेचं तेल वेगळं: वेगाने फिरणाऱ्या बारीक टोकांना पातळ, हळू फिरणाऱ्या जाड टोकांना दाट, मुख्य स्प्रिंगला ग्रीस. मात्रा एवढी की ही टोकं ज्यात फिरतात त्या माणकाच्या खळग्यात भिंगातून बारीक कडं दिसावं. थेंब तर त्या मानाने तळं आहे. आणि ते तळं हेअरस्प्रिंगपर्यंत, म्हणजे ठोक्यांचा वेग ठरवणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगपर्यंत, पोहोचलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे धावायला लागतं. मागे पडणारं घड्याळ पुढे धावू लागलं म्हणून लोक खूश होतात, हा त्यातला विनोद.

तिसरं: "चुंबकी स्क्रूड्रायव्हर वापरा, स्क्रू हरवत नाहीत." स्क्रू हरवत नाहीत, वेळ हरवते. तीच हेअरस्प्रिंग चुंबकित झाली की वेटोळी पुन्हा चिकटतात, पुन्हा घड्याळ धावतं. पोलादी चिमटाही चुंबकित झालाय का ते मी आधी एखाद्या फालतू स्क्रूवर बघतो. डायल आणि काट्यांसाठी पितळी चिमटा घ्या, कारण त्याचा ओरखडा कमी खोल जातो. बोटांना रबरी टोप्या घाला. घामाचा ठसा आज दिसत नाही, महिन्याने डायलवर उगवतो.

पाचवं मला वैयक्तिक लागलं: "जपानी मशीनचे काटे कुठल्याही घड्याळाला बसतात, सैल असेल तर पकडीने दाबा." एनएच३५ च्या काट्यांची भोकं अशी: तासकाट्याचं दीड मिलिमीटर, मिनिटकाट्याचं ०.९०, सेकंदकाट्याचं ०.२०. स्वित्झर्लंडच्या इटीए २८२४ मशीनची: तासकाट्याचं दीड, मिनिटकाट्याचं ०.९०, सेकंदकाट्याचं ०.२५. दोन काटे मस्त बसतात, म्हणून वाटतं तिसराही बसेल. मी पहिल्या वर्षी असाच इटीएचा सेकंदकाटा मागवला, फोटोत सुरेख दिसला म्हणून. पाच शतांश मिलिमीटरचा फरक, पकडीने काट्याची नळी जराशी दाबली. 'टिक्' असा आवाज आला, एवढा हलका की वाटलं बसला. ती नळी उभी चिरली होती. तीन दिवसांनी ऑफिसच्या मीटिंगमध्ये हात हलवला तेव्हा सेकंदाचा काटा काचेखाली आडवा झोपला होता आणि मिनिटकाट्याला अडवत होता. उलट प्रकार, म्हणजे घट्ट काटा जोर लावून बसवणं, त्याहून वाईट. तिथे काटा वाचतो, सेकंदाच्या चाकाची केसासारखी दांडी वाकते. भोकाचं माप विक्रेत्याला विचारा. त्याने "सगळ्याला बसतो" असं उत्तर दिलं तर दुसरा विक्रेता बघा.

सहावं, डायलचे मागचे पाय (मशीनमध्ये बसणाऱ्या पिना) कापा आणि सुपरग्लूने चिकटवा. पाय कापणं, हो, आम्हीही करतो. चावीची जागा बदलली की पाय जुळत नाहीत, दुसरा इलाज नसतो. पण चिकटवायला दुहेरी चिकट बारीक ठिपके मिळतात, नंतर निघतातही. सुपरग्लू सुकताना वाफ सोडतो आणि बंद केसमध्ये ती वाफ काचेच्या आतल्या बाजूवर आणि डायलवर पांढरी राख होऊन बसते. काळ्या डायलवर तर पहिल्याच रात्री दिसते.

पहिलं गुपित टूथपेस्टने काच घासण्याचं. नाइलाजाने सांगतो, हे चालतं. पण फक्त प्लास्टिकच्या काचेवर, जशी जुन्या एचएमटीला असते तिच्यावर. साध्या काचेवर हात दुखतो, बाकी काही होत नाही. सफायरवर, म्हणजे कृत्रिम नीलमाच्या काचेवर, तर हातही दुखून उपयोग नाही, पण वर चमकरोधक लेप असेल तर तेवढा खराब होईल.

सातवं: झाकण 'टक्' करून बसलं की घड्याळ वॉटरप्रूफ, आणि ३० मीटर लिहिलंय म्हणजे पोहता येतं. दोन्ही नाही. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडणारे शिंतोडे. झाकण उघडलं की रबरी रिंग बदलायची.

आजोबांचं घड्याळ आता दोन पिशव्यांत, झाकण लावून कपाटात आहे, नऊचा आकडा अर्धा. ते तसंच राहणार. भाच्याचा हात मात्र शिवशिवतोय, म्हणून मी त्याला एक बंद पडलेलं एचएमटीचं नुसतं मशीन पाठवलं, डायल नाही, काटे नाहीत, चमकणारं काहीच नाही. सोबत भिंग, पितळी चिमटा आणि साधे स्क्रूड्रायव्हर.

परवा पुन्हा साडेदहाला फोन. "मामा, एक बारीकशी स्प्रिंग उडाली."

"कुठे?"

"दिसली नाही. पंख्याच्या दिशेने गेली बहुतेक. झाडू मारू का?"

"मार."