‘फोनवर १८,००० आणि बिल ३१,६००’ : आपल्या रिव्ह्यूला केंद्राचं उत्तर

नमस्कार ताई,

आपला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. घरापासून वीस मिनिटांवर म्हणून आमचं व्यसनमुक्ती केंद्र निवडलं; फोनवर महिन्याचे १८,००० सांगितले आणि बिल ३१,६०० झालं; भावाला आणायला गाडी पाठवली नाही; मेडिक्लेम चालेल म्हणाले आणि क्लेम फेटाळला गेला; पहिले सात दिवस भेटू दिलं नाही; घरी आल्यावर बाराव्या दिवशी त्याने परत दारू घेतली, अशा आपल्या तक्रारी आहेत. आमच्याकडे कोण दाखल होतं नि कोण नव्हतं, हे गोपनीय ठेवणं कायद्याने आमच्यावर बंधनकारक आहे. म्हणून आपल्या भावाबद्दल इथे काहीच लिहिणार नाही. खर्च आणि नियम सगळ्यांना सारखेच आहेत, ते सांगतो.

आधी पैशांचं. १८,००० मध्ये महिनाभराचं राहणं, जेवण-नाश्ता, समुपदेशन आणि गटचर्चा येते. पहिल्या आठवड्याचं वैद्यकीय बिल त्यात नसतं, आणि दारूच्या पेशंटचा खरा धोका त्याच आठवड्यात असतो. रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. फिट येण्याची भीती पहिले दोन दिवस सर्वात जास्त. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, माणूस बरळतो, ताप चढतो. तेव्हा उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. म्हणून पहिल्या तीन रात्री पेशंटजवळ जागा माणूस ठेवतो, त्याचे रात्रीला ९०० प्रमाणे २,७००. लिव्हर, शुगर, सोडियम-पोटॅशियम, रक्ताची मोजणी आणि ईसीजी मिळून साधारण ३,०००. लिव्हर खराब असेल तर थरथर थांबवणारं औषधच वेगळं निवडावं लागतं, त्यामुळे या तपासण्या टाळता येत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांच्या चार व्हिजिट, प्रत्येकी ७००. औषधं-इंजेक्शनं चार ते सहा हजार. यात व्हिटॅमिन बी-१ ची इंजेक्शनं असतात. नातेवाईक सांगतात, ‘ताकद यायला एक सलाईन लावून टाका.’ पण अनेक वर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ फार कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

सगळं मिळून पहिल्या महिन्याचा आकडा ३०,५०० ते ३२,५०० होतो. हाच आकडा फोनवर सांगायला हवा होता. नुसते १८,००० सांगणं ही आमची चूक, आणि त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आता भरतीआधी बाबवार अंदाज व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी देतो आणि त्यात नसलेली रक्कम घरच्यांना विचारल्याशिवाय लावत नाही. आपल्या बिलात आधी न सांगितलेली कुठलीही बाब असेल तर बिल घेऊन या, ती रक्कम परत करू.

मेडिक्लेमबद्दल रिसेप्शनवर जे सांगितलं गेलं ते चुकीचं होतं. गोंधळ कुठे होतो तेही सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असं म्हटलं आहे, आणि दारू-ड्रग्जमुळे होणारे विकारही त्या कायद्याच्या व्याख्येत येतात. पण बहुतेक पॉलिसींत ‘एक्सक्लुजन १२’ नावाचं प्रमाणित कलम असतं : दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनाचा उपचार आणि त्याचे परिणाम वगळलेले. क्लेम तिथेच अडतो. भरतीआधी पॉलिसीच्या वगळलेल्या बाबींत हे कलम शोधा आणि कंपनीकडून ईमेलवर उत्तर घ्या. तोंडी होकार धरू नका, आमचासुद्धा नाही. ‘डिप्रेशन लिहून द्या, क्लेम पास होईल’ अशी विनंती अनेकदा होते. ती आम्ही मानत नाही. खोट्या निदानावर पुढे पूर्ण पॉलिसीच गोत्यात येते.

पैशांची ओढाताण असेल तर पहिला आठवडा सिव्हिलमध्ये काढून मग केंद्रात येता येतं. नाशिकला त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात विचारा. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थांत राहून मोफत उपचार होतात. बेड कुठे आहे ते १४४४६ या हेल्पलाइनवर कळतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर (१४४१६) मराठीतून बोलता येतं. हे सगळं आम्ही फोनवर स्वतःहून सांगायला हवं होतं.

गाडीबद्दल मात्र आमचं उत्तर तेच राहील. चार माणसं पाठवून, हातपाय धरून कुणाला आम्ही आणत नाही. पेशंट स्वतः तयार नसेल तर कायद्यात वाट आहे : त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा (त्याने नेमलेल्या किंवा कायद्याने ठरणाऱ्या व्यक्तीचा) अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि अशी भरतीही सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. ‘एका फोनवर उचलून आणतो’ म्हणणाऱ्या केंद्राकडे आधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक मागा, रात्री कोण जागं असतं आणि फिट आली तर पेशंटला कुठे नेतात ते विचारा. साखळीने बांधणं, सक्तीने टक्कल करणं याला कायद्याने बंदी आहे.

भेटीबाबत आपलं म्हणणं बरोबर आहे. योग्य वेळी भेटणं आणि फोन घेणं हा पेशंटचा हक्क आहे. सात दिवसांची सरसकट बंदी आम्ही सोयीसाठी लावली होती, ती काढली. पेशंट शुद्धीत असेल आणि त्याची इच्छा असेल तर दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाच ते सहा भेटता येईल. बाहेरचं खाणं, तंबाखू आणि रोख पैसे मात्र आणू नका.

शेवटची तक्रार सर्वात जड आहे. एका महिन्यात शरीर दारूशिवाय राहायला लागतं, पण ओढ जात नाही. केंद्र घराजवळ असण्याचा खरा उपयोग सुट्टीनंतर असतो : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि मग तीन महिने दर आठवड्याला येणं. सातपूर-अंबडला शिफ्ट असणाऱ्यांसाठी रविवारी सकाळीही समुपदेशक असतो. फॉलोअपची फी नाही, औषधांचे पैसे वेगळे. घरातल्या एकाने सोबत यावं. आणि दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिरामची गोळी भाजीत किंवा चहात लपवून कधीही देऊ नका. गोळीचं माहीत नसताना वरून दारू पोटात गेली तर बीपी एकदम कोसळू शकतं, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका असतो. ती पेशंटला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायची.

घरात कुणी परत रोज प्यायला लागलं असेल तर ‘आजपासून बंद’ म्हणून खोलीत कोंडू नका. आधी कधी फिट आली असेल किंवा सध्या बरळणं-थरथर असेल तर आमची वाट न बघता थेट सिव्हिलच्या अपघात विभागात न्या. नाहीतर सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते एक या वेळात त्याला घेऊन या, जुने रिपोर्ट सोबत ठेवा. त्या तपासणीचे पैसे घेणार नाही.