‘उघडूनही पाहिला नाही’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या रोटरच्या (अँटेना उपग्रहाकडे वळवत नेणाऱ्या यंत्राच्या) दुरुस्तीवरचा तुमचा अभिप्राय वाचला. एक स्टार. "पैसे घेतले पण रोटर उघडूनही पाहिला नाही, स्क्रूंवरचा लाल रंग जसाच्या तसा आहे. पहिल्याच पासला अँटेना मध्येच उलटा फिरला आणि उपग्रह हातचा गेला. वर फोन उचलत नाहीत." (पास म्हणजे उपग्रहाची आपल्या आकाशातून उगवण्यापासून मावळेपर्यंतची एक फेरी.) तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. फोन रात्री पावणेबाराला आला होता. उपग्रह आपली झोप बघून येत नाहीत हे मान्य, पण मी झोपलो होतो. सकाळी साडेआठला मीच फोन केला आणि आपण वीस मिनिटं बोललो, ते लिहायचं तुमच्याकडून राहून गेलं असावं.

बाकी सगळं ऐकून घेईन, पण ‘उघडूनही पाहिला नाही’ हे काही केल्या गळी उतरत नाही.

तो लाल रंग माझा आहे सर. काम संपवून रोटर बंद केला की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर मी नेलपेंटचा एक ठिपका देतो, म्हणजे नंतर कुणी हात घातला तर कळतं. तुमचा रोटर आला तेव्हा चारांपैकी दोनच स्क्रूंवर रंग होता, तोही जुना, तपकिरी पडलेला. एका स्क्रूची खाच पार गेली होती, तो काढण्यातच माझा अर्धा तास मोडला. (खाच कुणी घालवली ते तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही.) आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. बेअरिंगचे छर्रे बशीत काढून रॉकेलनं धुतले. परत बसवताना एक कमी भरला, तर बॅटरी घेऊन टेबलाखाली शोधत बसलो. न उघडता हे सगळं कसं झालं असतं, तुम्हीच सांगा.

तुमची मूळ तक्रार होती की दिशा दाखवणारी सुई 200 अंशांच्या आसपास उडते. दोष पोटेन्शिओमीटरमध्ये होता, म्हणजे रोटर फिरेल तसा ज्याचा रोध बदलतो आणि त्यावरून सुईला दिशा कळते त्या भागात. मीटर लावून रोटर हळूहळू फिरवला, तर सरळ चढत जायला हवा तो रोध त्याच एका जागी तुटायचा आणि पुढे पुन्हा जुळायचा. तिथली पट्टी घासून गेली होती. तो भाग नवा टाकला. मोटर आणि कपॅसिटर चांगले होते, ते बदलले नाहीत आणि त्यांचे पैसेही लावले नाहीत.

आता उलटा फिरण्याचं. तुम्हीच सांगितलंत की त्या रात्री उपग्रह वायव्येला उगवून उत्तरेवरून ईशान्येला मावळला. रोटरला उपग्रहामागे फिरवणाऱ्या तुमच्या कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रामला रोटरची हद्द 0 ते 360 अशी दिलेली आहे, म्हणजे शिवण (0 आणि 360 जुळतात ती जागा, जी प्रोग्राम रोटरला ओलांडू देत नाही) बरोबर उत्तरेला. उपग्रह 359 वरून 1 वर सहज जातो, पण रोटरला तिथे जायला अख्खी फेरी उलटी मारावी लागते. त्यात मिनिटाच्या वर वेळ जातो, आणि तोही पासच्या ऐन मध्यावर, उपग्रह सगळ्यात जवळ असताना. राग येणारच, पण रोटरनं प्रोग्रामचा हुकूमच पाळला.

तुमचा रोटर 450 अंशांपर्यंत जातो. प्रोग्राममध्ये कमाल 450 लिहा, म्हणजे तो 360 च्या पुढे सरळ ईशान्येकडे जाईल. फोनवर हेच सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "पूर्वी असं होत नव्हतं, सबबी सांगू नका." पूर्वी होत नव्हतं हे खरं असेल, पण मध्ये कॉम्प्युटर नवा घेतलात हेही तुम्हीच म्हणालात. जुनी सेटिंग जुन्याबरोबर गेली.

चूक झाली ती अशी, की रोटरसोबत कामाची चिठ्ठी टाकली नाही आणि काढलेला जुना भागही परत पाठवला नाही. तो डब्यात जपून ठेवलाय, उद्या पाठवतो. यापुढे चिठ्ठी आणि जमलं तर फोटोही देत जाऊ. फोनचंही बघतो काहीतरी.

आमचं दुकान दोन माणसांचं आहे, जाहिरात नाही. नवा माणूस इथलं वाचूनच रोटर पाठवायचा की नाही ते ठरवतो, म्हणून एवढं लांबण लावलं. सेटिंग न बदलता एकदा दक्षिणेकडून जाणारा पास घेऊन बघा. तिथेही उलटा गेला तर या वेळी कंट्रोलरसकट (रोटर चालवणाऱ्या डब्यासकट) पाठवा (मागच्या खेपेला नुसता रोटर आला होता, मी माझ्या कंट्रोलरवर तपासला). तपासणीचे पैसे घेणार नाही.

आणि हो, खाच गेलेल्या स्क्रूच्या जागी नवा बसवलाय. तो जरा बेतानं आवळा.