पाचच पुरस्कार होते, तेव्हाची गोष्ट

दर वर्षी फिल्मफेअरचा सोहळा झाला की फेसबुकवर एक ठरलेला उसासा ऐकू येतो. "पूर्वी मोजकेच पुरस्कार असायचे, त्यांना वजन होतं. आता काय, येईल त्याच्या हातात पुरस्काराची बाहुली!" यातलं अर्धं मलाही पटतं. नाच, पांचट विनोद, जाहिराती आणि त्यातून वेळ उरलाच तर पुरस्कार, असला कार्यक्रम माझ्याच्यानेही बघवत नाही. पण पुरस्कार कमी होते म्हणून ते मोलाचे होते, हे काही मी मानायला तयार नाही.

पहिला सोहळाच बघा ना. २१ मार्च १९५४, रविवार, मुंबईत धोबी तलावचं मेट्रो थिएटर. पुरस्कारांना तेव्हा 'क्लेअर्स' म्हणत, टाइम्स ऑफ इंडियाच्या चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोंसा यांच्या स्मरणार्थ. कौल वाचकांचा. पुरस्कार पाच. चित्रपट 'दो बिघा जमीन', दिग्दर्शक बिमल रॉय, अभिनेता दिलीपकुमार ('दाग'), अभिनेत्री मीनाकुमारी ('बैजू बावरा'), संगीतकार नौशाद (तेही 'बैजू बावरा'साठीच). नावं ठेवायला जागा नाही. आज मत द्यायला सांगितलं तरी मी यातलं एकही नाव बदलणार नाही.

(ती बाहुली घडवणारा हात मराठी होता, हे किती जणांना ठाऊक आहे? शिल्पकार ना. ग. पानसरे. फोर्टात न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवरची उंचच उंच शिल्पं त्यांचीच. पुढच्या वेळी तिथून जाताना मान वर करून बघा.)

आता 'बैजू बावरा'तून गाणी वजा करा. काय उरतं? जातं ते रफीसाहेबांचं 'ओ दुनिया के रखवाले', लताबाईंची गाणी, शकील बदायुनींचे शब्द. शेवटची ती जुगलबंदी तर उस्ताद अमीर खां आणि आपले द. वि. पलुस्कर यांची. त्या संध्याकाळी यांच्यापैकी एकालाही पुरस्कार मिळणं शक्य नव्हतं, कारण गायकासाठी रकानाच नव्हता. गीतकारासाठीही नव्हता. 'दो बिघा जमीन'ची मूळ कथा सलील चौधरींची, पण कथेचा पुरस्कारही त्या वर्षी नव्हता. ज्या सिनेमाचा प्रेक्षक गाणी गुणगुणत घरी जायचा, त्याच सिनेमाच्या पहिल्यावहिल्या पुरस्कारांत गाणारा गळा मोजलाच गेला नाही. याला वजन म्हणायचं की विसरभोळेपणा?

आणि ही चूक कोणी आपण होऊन दुरुस्त केली असं समजू नका. 'चोरी चोरी'च्या संगीतासाठी १९५७ मध्ये शंकर-जयकिशन यांना पुरस्कार मिळाला. जयकिशननी लताबाईंना गळ घातली, सोहळ्यात 'रसिक बलमा' गा. बाईंनी साफ नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे ना, मग वाद्यांवर नुसती चाल वाजवा, गायक कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल. त्या वेळी त्या तिशीच्याही नव्हत्या, आणि समोर सगळी इंडस्ट्री! १९५९ मध्ये गायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला, 'आजा रे परदेसी'साठी. गीतकारांचा पुरस्कारही त्याच वर्षी आला, 'यहुदी'मधल्या गाण्यासाठी शैलेंद्रना. तरी १९६७ पर्यंत गायक-गायिका मिळून एकच पुरस्कार होता. म्हणजे लता आणि रफी एकाच रांगेत उभे. 'मोजके पुरस्कार' प्रत्यक्षात हे असे असतात.

सरकारी पुरस्कारांचीही तऱ्हा वेगळी नव्हती. पहिले राज्य चित्रपट पुरस्कार (म्हणजे आजचे राष्ट्रीय पुरस्कार) हेही १९५४ चेच, १० ऑक्टोबरला दिले गेले. 'दो बिघा जमीन'ला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. आपण मराठी माणसं हे जमेल तिथे ऐकवतो, मीही ऐकवतो, आणि का ऐकवू नये! पण तिथे गौरव चित्रपटाचा होता, कलावंतांसाठी वेगळा पुरस्कारच नव्हता. ज्या वनमालाबाईंनी श्यामची आई पडद्यावर उभी केली, त्यांच्या अभिनयाची नोंद घ्यायला रकाना कुठे होता? राष्ट्रीय पुरस्कारांत अभिनयाला जागा मिळाली ती १९६७ च्या चित्रपटांपासून. पहिले मानकरी उत्तमकुमार आणि नर्गिस.

तेव्हा यादी लांबली म्हणून कुरकुरणाऱ्या मित्रांनी कमेंटमध्ये जरूर सांगावं, त्यातलं काय खोडायचं. संकलन? ध्वनी? वेशभूषा? सोहळा आटपशीर करा, माझी ना नाही. भाषणं कापा, नाच कापा, निवेदकांचे विनोद तर आधी कापा. रकान्यांना मात्र हात लावू नका.

उलट मी तर एक वाढवा म्हणेन, अरेंजरसाठी, म्हणजे गाण्याचा वाद्यमेळ बसवणाऱ्यासाठी. शंकर-जयकिशन यांनी ही बाहुली नऊ वेळा घरी नेली. त्यांच्या गाण्यांत व्हायोलिनचा जो ताफा उसळून येतो ना, त्याचं नोटेशन लिहिणारे, कोणतं वाद्य कुठे वाजणार हे बसवणारे होते गोव्याचे सबॅस्टियन डिसूझा. दोन दशकांहून जास्त काळ ते हे काम करत होते. त्यांच्या कामासाठी रकाना कधी निघालाच नाही.